चालत्या संगणकाची साक्ष आणि ती टिपणारी साधने

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांच्या मनात येईल की हा तर पोलिसांचा, नाहीतर इंजिनिअरांचा विषय. आमच्या मुलांशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या संस्थेच्या कचेरीत प्रवेशाचे अर्ज, फीच्या नोंदी, शिष्यवृत्तीची कागदपत्रे आता संगणकावर असतात. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानाचा हिशेब संगणकावर असतो. उद्या या संगणकातील सगळ्या फाइली कोणी कुलूपबंद करून खंडणी मागितली, किंवा आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलाच्या संगणकावरून धमकीचा संदेश गेला असे कोणी म्हटले, तर खरे काय घडले हे माणसांइतकेच त्या यंत्राला विचारावे लागते. यंत्राची ही गवाही दोन ठिकाणी असते. एक भाग डिस्कवर, जो आठवड्यानंतरही सापडतो. दुसरा भाग चालत्या संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये, जो बटण दाबताच जातो. हा दुसरा भाग कोणत्या साधनाने टिपावा, ते साधन कसे निवडावे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

प्रथम रॅम म्हणजे काय ते पाहू. डिस्क ही वही धरली तर रॅम हा फळा आहे, असे आपण शाळेत सांगतो. उपमा ठीक आहे, पण अपुरी आहे. फळ्यावरचा खडू पुसेपर्यंत टिकतो. रॅममधील अक्षर आपोआप विरते. तिथे प्रत्येक अंश एका अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार गळत असतो. म्हणून संगणक साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, सगळी अक्षरे पुन्हा गिरवत राहतो. वीज गेली की गिरवणे थांबते. तरीही भार त्याच क्षणी नाहीसा होत नाही. २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी रॅमच्या चिपा उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्या, तेव्हा वीज तोडून दहा मिनिटे झाल्यावरही एक टक्क्याहून कमी अंश बिघडलेले आढळले. प्रयोग मोठा रंजक आहे. परंतु घटनास्थळी पंचनामा करणाऱ्याने त्यावर विसंबू नये. सामान्य तापमानाला काही सेकंदांत खेळ संपतो.

या फळ्यावर असते तरी काय? त्या घटकेला कोणते कार्यक्रम चालू आहेत, कोणत्या दूरच्या संगणकाशी जोडणी झालेली आहे, कोण आत शिरलेले आहे, टंकलेला पण जतन न केलेला मजकूर, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कुलूपबंद डिस्कची किल्ली. यांपैकी बऱ्याच गोष्टींची डिस्कवर खूणही उमटत नाही.

हे मी अंदाजाने बोलत नाही. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा इंटरनेटवर सुटला. त्याची लांबी अवघी ३७६ बाइट. आपल्या एका पोस्टकार्डावरच्या मजकुराएवढी. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना त्याने गाठलेल्या यंत्रांची संख्या दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत, ज्यांना तो बाधू शकत होता अशा यंत्रांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक यंत्रे त्याने गाठली. आणि या किड्याने डिस्कवर एकही फाइल लिहिली नाही. तो केवळ रॅममध्ये राहत होता. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की यंत्र स्वच्छ! मालकाला बरे वाटे, पण तपास करणाऱ्याच्या हाती त्या यंत्रातून काही लागत नसे.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २००३ मध्ये, लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टात एका एकोणीस वर्षांच्या तरुणाचा खटला निकाली निघाला. अमेरिकेतील ह्यूस्टन बंदराच्या संगणकावर सप्टेंबर २००१ मध्ये हल्ला झाला होता आणि त्याचा माग या मुलाच्या संगणकापर्यंत गेला होता. मुलाचे म्हणणे असे की, दुसऱ्याच कोणी छुपा कार्यक्रम घालून माझे यंत्र वापरले आणि मग तो कार्यक्रम स्वतःला पुसून गेला. सरकारी तज्ज्ञाचे म्हणणे असे की, डिस्कवर अशा कार्यक्रमाचा मागमूस नाही. हल्ल्याच्या घटकेची स्मृती कोणाजवळच नव्हती. ज्यूरीने मुलाला निर्दोष सोडले. काहींना हा निकाल पटला नाही; मला त्यात पडायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ‘डिस्कवर खूण नाही’ या एका वाक्याने दोष सिद्ध होत नाही आणि निर्दोषपणाही सिद्ध होत नाही. गुन्हेगार सुटू नये आणि निरपराध अडकू नये, या दोन्ही गोष्टी त्या विरून जाणाऱ्या फळ्यावर अवलंबून असू शकतात. ज्या आईबापांच्या मुलावर असा प्रसंग येईल त्यांना हा फरक किती मोठा आहे हे सांगावे लागणार नाही.

एकेकाळी तपास अधिकाऱ्यांना सर्रास शिकवले जाई की संगणक दिसला की भिंतीतली वायर ओढा आणि यंत्र मुद्देमालात जमा करा. डिस्क जशीच्या तशी राहावी हा त्यामागचा हेतू. आता डिस्कच कुलूपबंद असते. नव्या विंडोज संगणकांत ही सोय पुष्कळदा आधीपासून चालू असते. वायर ओढली की किल्ली गेली. अमेरिकन पोलिसांनी हे ओळखले होते. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात, ‘सिल्क रोड’ या अवैध बाजाराचा चालक रॉस उल्ब्रिक्ट काम करीत बसला असता, त्याच्या पाठीमागे साध्या वेशातील दोघांनी भांडणाचे नाटक केले. त्याने मान वळवली तेवढ्यात त्याचा लॅपटॉप उघड्या स्थितीतच काढून घेण्यात आला. झाकण मिटले असते तर आतले कुलूप लागले असते.

आता क्रमाचा प्रश्न. फेब्रुवारी २००२ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी पुरावा गोळा करण्याची एक मार्गदर्शिका काढली. तिचा क्रमांक ३२२७. जे लवकर विरते ते आधी घ्या, हे तिचे सूत्र. प्रोसेसरमधील नोंदी, मग जोडण्या, चालू कार्यक्रम व रॅम, मग तात्पुरत्या फाइली, मग डिस्क, मग दुसरीकडे साठलेल्या नोंदी आणि शेवटी जुन्या प्रती. प्रोसेसरमधील नोंदी प्रत्यक्षात हाती लागत नाहीत, तेव्हा व्यवहारात सुरुवात रॅमपासून होते. त्याच मार्गदर्शिकेत आणखी एक मोलाची सूचना आहे: संशयित यंत्रावरच्या कार्यक्रमांवर विश्वास ठेवू नका, आपली साधने आपल्याबरोबर न्या. चोर घरात असताना त्या घरच्या नोकराला ‘आत कोण आहे?’ असे विचारण्यात अर्थ नाही. चोराने नोकरालाच फितवलेले असते. यंत्रातील स्वतःची ‘चालू कार्यक्रम दाखव’ ही आज्ञादेखील अशी फितवता येते.

पण आपले साधन नेले तरी अडचण संपत नाही. अंगण नुकतेच शेणाने सारवलेले आहे, त्यावर उमटलेली पावले पाहायची आहेत, आणि पाहण्यासाठी त्याच ओल्या अंगणात पाय टाकावा लागतो आहे, अशी ही स्थिती असते. रॅम टिपणारा कार्यक्रम स्वतः चालण्यासाठी रॅमच वापरतो. तेवढ्या जागेवरची जुनी अक्षरे पुसली जातात. म्हणून साधन निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की, याचे पाऊल केवढे? चकचकीत खिडक्या आणि चित्रे दाखवणारे साधन विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात छान दिसते. परंतु काळ्या पडद्यावर एका ओळीच्या आज्ञेने चालणारे लहान साधन बहुधा कमी जागा तुडवते.

जर्मनीतील एर्लांगन विद्यापीठाचे श्टेफान फ्योमेल आणि फेलिक्स फ्रायलिंग यांनी २०१२ साली या कामासाठी तीन कसोट्या मांडल्या. साधनाने जे होते तेच उचलले का? उचललेले सगळे एकाच क्षणाचे आहे का? आणि उचलताना मूळ किती बिघडवले? यांतली दुसरी कसोटी समजायला जरा अवघड आहे, पण जुन्या शाळांचे लांबलचक सामुदायिक फोटो ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती लगेच कळेल. तो कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फिरत असे. एखादा वात्रट मुलगा पहिल्या टोकाला फोटो काढून घेऊन मागून धावत दुसऱ्या टोकाला जाई, आणि एकाच फोटोत दोनदा दिसे. सोळा जीबी रॅम उतरवून घ्यायला काही मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात संगणक चालूच असतो, माहिती जागा बदलत असते, त्यामुळे आपल्या हाती येणाऱ्या प्रतीत असे दोनदा दिसणारे आणि अजिबात न दिसणारे विद्यार्थी असतातच. म्हणून साधनाचा वेग आणि ज्या डिस्कवर आपण लिहितो तिचा वेग, दोन्हीला महत्त्व आहे. आभासी यंत्र असेल तर मात्र चैन आहे. ते गोठवून त्याची स्मृती एका फाइलीत जशीच्या तशी मिळते.

आता नावे घेऊ. विंडोजवर एकेकाळी साध्या नकल करणाऱ्या कार्यक्रमाने रॅम वाचता येत असे. २००५ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने सर्व्हर २००३ च्या पहिल्या सुधारणेपासून हा दरवाजा बंद केला. आता साधनाला संगणकाच्या गाभ्यात आपला ड्रायव्हर उतरवावा लागतो आणि ६४ बिटी विंडोज सहीशिक्क्याविना ड्रायव्हर आत घेत नाही. यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. ‘विनपीमेम’ हे मुक्त स्रोताचे साधन; त्याचे आतले लिखाण कोणीही वाचून पाहू शकतो आणि न्यायालयात ‘हे काय करते?’ असे विचारले तर उत्तर देता येते. ‘डम्पइट’ चालवायला अतिशय सोपे, पण ते जिथून चालवाल तिथेच प्रत लिहिते. संशयिताच्या डिस्कवर ठेवून चालवले तर पुराव्यावरच पुरावा लिहिला जाईल. ‘एफटीके इमेजर’ची मोफत आवृत्ती अनेक तपासनीसांच्या हातात बसलेली आहे, मात्र तिचे पाऊल थोडे मोठे. ‘मॅग्नेट रॅम कॅप्चर’ आणि ‘बेलकासॉफ्ट’चे रॅम टिपणारे साधन हीदेखील विनामूल्य मिळतात. सीडॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राने ‘विन-लिफ्ट’ नावाचे साधन आपल्याच देशात तयार केले आहे. लिनक्ससाठी ‘लाइम’ आहे, पण ते त्या यंत्राच्या नेमक्या गाभ्यासाठी आधी तयार करून घ्यावे लागते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये दिलेले ‘एव्हीएमएल’ तसे मागत नाही, मात्र गाभ्याला जादा कुलूप घातलेले असेल तिथे तेही थांबते. ॲपलच्या नव्या यंत्रांत हे काम फारच अवघड होऊन बसले आहे.

यांतले उत्तम कोणते, असे विद्यार्थी हमखास विचारतात. माझे उत्तर असे की, तुम्ही ज्या जातीच्या यंत्रावर ते वापरणार आहात त्याच जातीच्या यंत्रावर आधी चालवून पाहिलेले साधन उत्तम. विंडोजमधील नव्या संरक्षक सोयी चालू असताना काही जुनी साधने यंत्रच कोसळवीत, आणि यंत्र कोसळले की फळा पुसला गेला. महागड्या साधनाने हे टळेलच असे नाही. अमेरिकेची ‘निस्ट’ ही मानक संस्था तपासाची साधने पारखून त्यांचे अहवाल सर्वांसाठी खुले करते. खरेदीपूर्वी ते वाचावेत. शिवाय टिपणारे साधन आणि टिपलेले वाचणारे साधन एकाच कंपनीचे असण्याची गरज नाही. वाचण्यासाठी ‘व्होलॅटिलिटी’ हा मुक्त कार्यक्रम २००७ पासून उपलब्ध आहे व जगभर वापरला जातो. आपण टिपलेली प्रत त्यात उघडते का, एवढे सरावाच्या वेळीच पाहून ठेवावे.

एक बारीकशी गोष्ट, जी पुस्तकात शेवटी असते आणि घटनास्थळी सगळ्यात आधी नडते. पेन ड्राइव्ह पुष्कळदा ‘फॅट ३२’ पद्धतीचे असतात. त्यांत चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही. आठ किंवा सोळा जीबीची रॅम उतरवताना काम मध्येच तुटते आणि दुसऱ्यांदा करावे लागते. तोवर अंगण दोनदा तुडवलेले असते. बाहेरची डिस्क ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ची हवी, रॅमपेक्षा मोठी हवी आणि आधी पूर्ण पुसलेली हवी.

आता साक्षीच्या साखळीविषयी. हदीसच्या अभ्यासात इस्नादला काय महत्त्व आहे हे आपल्या मुलांना मक्तबपासून माहीत असते. मजकूर कितीही सुंदर असो, तो कोणी कोणाकडून ऐकला, प्रत्येक रावी विश्वासू होता का, साखळी कुठे तुटली का, हे तपासल्याशिवाय मुहद्दिसांनी तो स्वीकारला नाही. संगणकाच्या पुराव्याचे तंतोतंत तसेच आहे. भारतीय साक्ष अधिनियम २०२३, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, त्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे त्या फाइलीचा आकडी ठसा, नोंदवावा लागतो. असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, जुन्या कायद्याच्या ६५-ब कलमाखाली, ज्या खटल्यात ठामपणे सांगितले तो आपल्या जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतून निघालेला होता.

परंतु रॅमच्या बाबतीत हॅशची एक मर्यादा ओळखून असावे. डिस्कची नक्कल घेतल्यावर मूळ डिस्क तशीच असते. दोघांचे ठसे जुळवून दाखवता येतात. रॅमचे मूळ तर पुढच्या क्षणीच बदलले. हॅश एवढेच सांगतो की टिपल्यानंतर प्रतीत फेरफार झाला नाही. टिपतानाचा प्रामाणिकपणा सिद्ध करायला नोंदीच लागतात: कोणते साधन, त्याची कोणती आवृत्ती, कोणी चालवले, किती वाजता, यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे होते, पंच कोण. जे साधन या गोष्टी स्वतःहून लिहून ठेवते ते मी थोडे अधिक पसंत करतो. आणखी एक, हा फळा उतरवताना गुन्ह्याशी संबंध नसलेलेही बरेच हाती येते. कोणाचे घरगुती पत्र, कोणाचा दवाखान्याचा अहवाल, कोणाचा पासवर्ड. ती अमानत आहे. पाहणाऱ्याने तिचा गवगवा करू नये, आणि संस्थेने अशी प्रत कोणाच्याही टेबलाच्या खणात पडू देऊ नये.

आपल्या संस्थेने काय करावे? फार खर्चाचे काहीच नाही. प्रत्येक शाळेच्या कचेरीत एक रिकामी बाहेरची डिस्क, आपल्या संगणकांवर आधी चालवून पाहिलेली दोन साधने असलेला एक पेन ड्राइव्ह, आणि छापलेला एक नोंदीचा कागद, असे एका लखोट्यात सीलबंद ठेवावे. संगणक शिक्षकांपैकी दोघांनी वर्षातून दोनदा त्याचा सराव करावा. घरी मात्र पालकांनी साधने चालवण्याच्या फंदात पडू नये. यंत्र चालू असेल तर बंद करू नका, बंद असेल तर चालू करू नका, झाकण मिटू नका. पडद्याचा फोटो घ्या, इंटरनेटची वायर किंवा वायफाय तोडा आणि किती वाजता तोडले ते लिहा. फाइली डोळ्यांदेखत पुसल्या जात असतील तर मात्र सरळ वीज तोडा. तिथे डिस्क वाचवणे अधिक महत्त्वाचे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा, उद्यावर टाकू नका.

विद्यार्थ्यांनो, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रियेत, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद टप्प्याटप्प्याने अमलात यायची आहे. म्हणजे माणसे लागणार. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे, त्याचा एक परिसर आपल्या शेजारी गोव्यात आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. मुलींनीही या क्षेत्राकडे पाहावे. यात अंगबळाचे काम थोडे आणि चिकाटीचे फार.

तोवर सराव घरच्या यंत्रावर करा. त्यात एक आभासी यंत्र उभे करा, एखादे पान उघडा, काही ओळी टंका पण जतन करू नका, आणि मग त्याची रॅम उतरवून व्होलॅटिलिटीत आपलीच ओळ शोधा. सापडली की विषय आपोआप कळेल. दुसऱ्याच्या यंत्रावर परवानगीवाचून हे केले तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ४३ व ६६ या कलमांखाली तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा पाच लाखांपर्यंतचा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्राचा संगणक असला तरी लेखी परवानगी घ्या. सरावासाठी लागणाऱ्या साधनांची यादी मी संगणक शिक्षकांकडे देऊन ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी त्यांच्याकडून उतरवून घ्यावी. खुदा हाफिज.